तिसऱ्या मजल्यावरचे म्हातारपण

घाटकोपर पूर्वेच्या पंतनगरात, अंधेरी पश्चिमेच्या डी. एन. नगरात किंवा विक्रोळीच्या कन्नमवार नगरात गृहनिर्माण मंडळाच्या ज्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारती अद्याप पुनर्विकासाची वाट पाहत उभ्या आहेत, त्यांपैकी एखादीच्या जिन्यापाशी सकाळी दहाच्या सुमारास घटकाभर उभे राहिले, म्हणजे उपनगरातील वार्धक्याचा प्रश्न कोणत्याही अहवालावाचून समजतो. दूध टाकणारा मुलगा, खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेतलेला माणूस, औषधाच्या दुकानातला पोऱ्या हे सारे वर चढताना दिसतात. वरून उतरणाऱ्यांत मात्र सत्तरी उलटलेला मनुष्य क्वचितच आढळतो. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली येते, भाजीवाला तीत मेथीची जुडी आणि उरलेले सुटे पैसे टाकतो, आणि पिशवी पुन्हा वर जाते. जी आजी ती दोरी ओढते, ती पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी नवी सून म्हणून त्याच इमारतीत आली, तेव्हा हेच जिने ती कडेवर मूल आणि हातात रेशनची पिशवी घेऊन दिवसातून चार वेळा चढत असे. इमारत जागच्या जागी राहिली. तिच्यातल्या माणसांचे वय मात्र पुढे गेले, आणि या साध्या गोष्टीचा विचार नकाशा काढणाऱ्याने त्या वेळी केला नव्हता आणि, दुर्दैवाने, आजचा नकाशा काढणाराही तो करीत नाही.

ही वस्ती कशी उभी राहिली हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा साष्टीचा भाग १९५० साली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग १९५७ साली मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आला. त्याच सुमारास, १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी चेंबूरचे टिळकनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, गोरेगावचे मोतीलाल नगर अशा वसाहती वसवल्या. पुढे १९७७ साली हे काम म्हाडाकडे गेले. या वसाहतींतील गाळे लहान होते, बांधकाम साधे होते, परंतु दोन इमारतींच्या मध्ये मोकळे मैदान होते, झाडे होती, आणि एका कुटुंबाची मुले दुसऱ्या कुटुंबाच्या दाराशी जेवून येत असत. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे ९३ लाखांहून अधिक होती, आणि त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. म्हणजे दहा माणसांत एक. त्या दहातल्या एकासाठी आणि उरलेल्या नऊजणांसाठी एकाच आवारात, परवडेल अशा किमतीत, पुढल्या पिढीवर पाण्याचे व विजेचे कर्ज न चढवता राहता येईल असे घर कसे आखावे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रारंभी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. निरनिराळ्या पिढ्यांचे सामायिक निवासस्थान म्हटले, की कित्येकांच्या मनात वृद्धाश्रम किंवा वसतिगृह उभे राहते, आणि दुसऱ्या काहींच्या मनात जुने एकत्र कुटुंब. यांपैकी कोणतीही गोष्ट येथे अभिप्रेत नाही. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचे दार, स्वतःची मोरी-संडास आणि स्वतःची चूल असावी, परंतु ज्या गोष्टी प्रत्येकाने स्वतंत्र बाळगणे खर्चाचे वा निरर्थक आहे, त्या सर्वांच्या मिळून असाव्यात, आणि त्या रचनेत ऐंशी वर्षांचे आजोबा, पस्तीस वर्षांची नोकरदार आई, पाच वर्षांचे मूल आणि परगावाहून शिकायला आलेला तरुण यांची रोज सहज भेट व्हावी, इतकाच तिचा आशय आहे. चाळीच्या गॅलरीत हे होत असे. तथापि चाळीचे गोडवे गाताना सामायिक संडासापुढच्या पहाटेच्या रांगा आणि वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळींतली १६० चौरस फुटांची खोली विसरणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. आणि एकत्र कुटुंबाची ज्यांना फार ओढ वाटते, त्यांनी त्या घरात सकाळी सर्वांत आधी कोण उठत असे आणि रात्री सर्वांत शेवटी कोण जेवत असे, हेही स्मरावे. सामायिक घराचा सारा भार पुन्हा एकाच सुनेच्या अंगावर पडणार असेल, तर ते घर न बांधलेलेच बरे.

या विषयाचे मूळ मात्र आपल्याच शहरात आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊक नाही. १९१५ साली गावदेवीत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिची रचना आजच्या सोसायट्यांहून एका महत्त्वाच्या बाबतीत भिन्न होती. जमीन संस्थेची, इमारतीही संस्थेच्या. सभासद भागधारक या नात्याने त्या मालमत्तेचे मिळून धनी आणि त्याच वेळी संस्थेचे भाडेकरू. कुटुंब वाढले तर मोठा गाळा रिकामा होण्याची वाट पाहावी, कुटुंब लहान झाले तर मोठा गाळा सोडून लहान घ्यावा, आणि हे करताना ना खरेदीखत, ना दलाली, ना दस्तऐवजावर मुद्रांक, अशी सोय या रचनेत मुळातच असते. या प्रकाराला कायद्याच्या भाषेत भाडेकरू-सहभागीदारी संस्था असे नाव आहे, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ यांत तो वर्ग आजही कायम आहे.

पुढे १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. बिल्डरांकडून फसवल्या जाणाऱ्या ग्राहकाला संरक्षण देणे हा त्याचा हेतू स्तुत्य होता, आणि ते संरक्षण आवश्यकही होते. परंतु त्याबरोबरच घर म्हणजे अमुक चौरस फुटांची, विकता येण्याजोगी, एका नावावरची वस्तू, ही कल्पना उपनगराच्या मनात पक्की रुजली. संस्थेचे नाव राहिले, नोंदणीही बहुधा त्याच वर्गात होत राहिली, पण गरजेप्रमाणे गाळा बदलण्याची मूळ सोय व्यवहारातून नाहीशी झाली. आज मुलुंडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी विधवा आणि त्याच इमारतीत एका खोलीत चौघांचा संसार करणारे तरुण जोडपे शेजारी असूनही आपापल्या जागा बदलू शकत नाहीत, कारण तसे करायचे तर दोन खरेदीखते, दोन मुद्रांक शुल्के आणि दोन कर्जप्रकरणे उभी राहतात. घरे पुरेशी आहेत, पण ती ज्याची त्याला मिळत नाहीत. मला हाच या प्रश्नाचा गाभा वाटतो.

परवडणाऱ्या सामायिक वस्तीचा उपनगरातील एक मोठा प्रयोग मात्र गोरेगावला झाला, आणि त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोठ्या जमीनमालकांकडची अतिरिक्त जमीन सरकारने ताब्यात घेऊन ती सामान्यांच्या घरांसाठी द्यावी असे ठरवले होते. कायदा झाला, परंतु जमीन प्रत्यक्षात हाती येईना. सवलतींच्या कलमांतून ती पुन्हा मूळ मालकांकडे आणि त्यांच्याकडून विकासकांकडे जाण्याची चिन्हे दिसू लागली. ज्यांनी गोरेगावच्या नळांना पाणी यावे म्हणून स्त्रियांचे मोर्चे काढले आणि ज्यांना लोक प्रेमाने ‘पाणीवाली बाई’ म्हणत, त्या मृणाल गोरे आणि त्यांचे समाजवादी सहकारी बाबुराव सामंत यांनी नागरी निवारा परिषद स्थापन केली, आणि न्यायालयात व रस्त्यावर अशा दोन्ही ठिकाणी दीर्घ काळ लढा देऊन गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथील सुमारे ६२ एकर जमीन घरांसाठी मिळवली. तेथे सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. एक खोलीचे, एक खोली व स्वयंपाकघराचे असे लहान गाळे, त्यांचे अनेक सहकारी संस्थांत विभाजन, आणि नफेखोर मध्यस्थाला जागा नाही, या तीन गोष्टींनी ती वस्ती शिक्षक, कारकून, गिरणी कामगार, लहान दुकानदार यांच्या आवाक्यात आली.

या प्रयोगातून दोन धडे मिळतात. पहिला असा, की उपनगरात घर महाग होते ते विटा-सिमेंटमुळे नव्हे. ज्या क्षणी जमिनीची किंमत हिशेबातून वजा होते, त्या क्षणी घर कारकुनाच्या पगारात बसू लागते. दुसरा धडा अधिक कटू आहे. स्वस्तात दिलेले घर पहिल्या विक्रीतच बाजारभावाने जाते, आणि ज्या पिढीला ते मिळाले तिच्यापुरताच स्वस्ताईचा लाभ उरतो. पुढल्या पिढीला पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो. घर एकदा स्वस्त करणे पुरेसे नाही, ते स्वस्त राखले पाहिजे, आणि राखण्याचे साधन म्हणजे तल्मकींच्या संस्थेप्रमाणे काही हक्क संस्थेच्याच हाती ठेवणे. तो कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला, त्यामुळे दिंडोशीची पुनरावृत्ती त्याच मार्गाने आता होणे नाही. जी जमीन उरली आहे, ती जुन्या वसाहतींच्या आणि जुन्या सोसायट्यांच्या पायाखाली.

वास्तुरचनेच्या दृष्टीने दुसरा एक प्रयोग खाडीपलीकडे, नव्या मुंबईत बेलापूरला झाला. १९८३ ते १९८६ या काळात चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी तेथे सुमारे साडेपाचशे कुटुंबांची वसाहत आखली. सात-सात घरांचा गट, त्यांच्या मध्ये सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीचे सामायिक अंगण, असे तीन गट मिळून त्याहून मोठे अंगण, आणि अशा रीतीने क्रमाक्रमाने वस्ती. प्रत्येक घर स्वतःच्या भिंतींवर उभे असल्याने, मुलाचे लग्न झाले की एक खोली चढवावी, आजी खाली आल्या की मागे एक पडवी काढावी, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला धक्काही लागू नये, अशी मुभा होती. बांधतानाच घर पुरे झाले असे कोरियांनी मानले नाही, ही त्यांची दृष्टी फार मोलाची आहे. बोरिवली-घाटकोपरच्या जमिनीवर बसकी घरे बांधता येणार नाहीत हे उघड आहे, परंतु वाढणारे आणि आटणारे घर ही कल्पना मजल्यावरही आणता येते.

ती आणण्याचा मार्ग आपल्या दलालांच्या भाषेतच दडलेला आहे. उपनगरात ज्याला ‘जोडी फ्लॅट’ म्हणतात, म्हणजे शेजारचे दोन गाळे घेऊन मधली भिंत पाडलेली, ती रचना आज श्रीमंतीचे लक्षण समजली जाते. तीच रचना मुळातच नकाशात, काटकसरीने घेतली, तर मध्यमवर्गाच्या तीन पिढ्यांची सोय होते. एक मोठा गाळा आणि त्याला लागून एक लहान, दोहोंना गॅलरीत स्वतंत्र दारे, आणि मधल्या भिंतीत एक दार, जे दोन्ही बाजूंनी बंद करता येते. मुलगा-सून मोठ्या गाळ्यात, आई-वडील लहानात. स्वयंपाक वेगळा, पण रात्री बापाला दम लागला तर मुलगा चार पावलांत पोहोचतो. आई-वडील गेल्यावर ते मधले दार बंद करून लहान गाळा सोसायटीतल्याच दुसऱ्या एकट्या वृद्धाला वा नोकरीला लागलेल्या मुलीला भाड्याने देता येतो. पुढे नातू लग्नाचा झाला, की तेच दार पुन्हा उघडते. एकाच भिंतीतल्या या दाराने जे साधते, ते कित्येक कुटुंबांना तीन ठिकाणी तीन घरे घेऊनही साधलेले नाही.

युरोपात अशा रचनांना आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. डेन्मार्कमध्ये बोडिल ग्राए या लेखिकेने १९६७ साली वृत्तपत्रात लेख लिहून मुलांना शंभर आई-बाप असावेत अशी कल्पना मांडली, त्यातून समविचारी कुटुंबे एकत्र आली, आणि १९७२ साली सेटेडामेन या नावाची सत्तावीस घरांची वस्ती उभी राहिली, जिच्या मध्यभागी सर्वांचे एक सामायिक घर आहे. हॉलंडमधील डेव्हेंटर गावच्या एका वृद्धनिवासात काही विद्यार्थ्यांना भाड्यावाचून खोली मिळते आणि त्यांनी त्याबदल्यात महिन्याला तीस तास चांगल्या शेजाऱ्यासारखे वागावे, इतकीच अट असते. झुरिकला २०१४ साली ट्रामच्या आगाराच्या डोक्यावर काल्कब्राइटे ही सहकारी वस्ती बांधली गेली. तेथे खाजगी खोल्या मुद्दाम आटोपशीर आणि सामायिक जागा मुद्दाम प्रशस्त ठेवल्या आहेत. या तिन्ही उदाहरणांचा उल्लेख मी अनुकरणासाठी करीत नाही. ज्या देशांत शेजार ही संस्था विरून गेली होती, त्यांना ती मोठ्या प्रयासाने पुन्हा घडवावी लागली. आपल्याकडे ती अजून पुरती मेलेली नाही, एवढेच त्यांवरून ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. वृद्धांना तळमजला द्यावा हे सर्वांना पटते, आणि सर्वांत आधी तेथेच अडचण येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि ज्यांची घरे तळमजल्यावर होती त्यांनी काय भोगले ते कुर्ल्यापासून अंधेरीपर्यंतची जुनी माणसे आजही सांगतात. नव्या इमारतींत बिल्डरांनी तळमजला मोटारींना दिला, आणि माणसे सगळी वर गेली. यातून वाट काढायची तर जोते उंच घ्यावे लागते, आणि जोते उंच घेतले की चाकाच्या खुर्चीसाठी उताराचा रस्ता हवा. त्याचे प्रमाण ठरलेले आहे: एक भाग उंचीला बारा भाग लांबी. जोते ६० सेंटिमीटर उंच असेल तर उतार ७.२ मीटर लांब होतो, ९० सेंटिमीटर असेल तर १०.८ मीटर. एवढी लांबी नकाशा पुरा झाल्यावर कोणत्याही आवारात सापडत नाही. मग एखाद्या कोपऱ्यात इतका उभा उतार बसवला जातो, की त्यावरून चाकाची खुर्ची चढवणे कोणाच्याही ताकदीबाहेरचे होते. म्हणून उताराची जागा मोटारींच्या जागेआधी ठरवावी. मोटार वळण घेऊन जाऊ शकते, म्हातारे माणूस नाही.

राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, मे २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांकरिता आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. दाराची रुंदी किमान ९०० मिलिमीटर, जिन्याची रुंदी किमान १५०० मिलिमीटर, चाकाची खुर्ची मावेल अशी आणि मजला बोलून सांगणारी लिफ्ट, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात हाताला आधाराच्या दांड्या, अशा त्यांतील तरतुदी आहेत. त्या उत्तम आहेत, परंतु त्या केवळ ज्येष्ठांच्या प्रकल्पांपुरत्या मर्यादित राहाव्यात याचे मला फार वाईट वाटते. गॅलरीही पंधराशे मिलिमीटर रुंद ठेवली, तर तीत चाकाची खुर्ची वळते, तशीच बाबागाडीही वळते, आणि तिच्या कठड्याशी दोन खुर्च्या टाकून बसलेल्या आजीला शेजारचे मूल शाळेतून परतलेले दिसते. वृद्धाला सोयीचे घर गरोदर बाईला सोयीचे असते, पाय मोडलेल्या तरुणालाही सोयीचे असते. ते सर्वच घरांना लागू केले तर खर्चात जो फरक पडतो, तो एखाद्या इमारतीच्या प्रवेशद्वाराच्या संगमरवरापेक्षा अधिक नसावा.

सामायिक खोली कोठे असावी, हाही क्षुल्लक वाटणारा परंतु निर्णायक प्रश्न आहे. आज नव्या टॉवरांत ती गच्चीवर किंवा वाहनतळाच्या माथ्यावर असते, कुलूपबंद असते, आणि वाढदिवसासाठी भाडे भरून घ्यावी लागते. ती जिन्याच्या आणि लिफ्टच्या तोंडाशी, येता-जाता सर्वांची नजर पडेल अशी असावी. सकाळी तेथे पाळणाघर, दुपारी ज्येष्ठांचे वाचन, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. तिच्या शेजारी एक स्वयंपाकघर असावे, आणि ते पगारी हातांनी चालावे. मुंबईला ही कल्पना परकी नाही. गिरणगावात हजारो कामगार ज्या बायकांच्या खानावळींवर जगले, त्यांनाच संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आज उपनगरातल्या प्रत्येक गल्लीत पोळी-भाजी केंद्र आहे. तेच केंद्र सोसायटीच्या आवारात, माफक भाड्यात आणले, तर ज्या घरात सून आठ वाजून बारा मिनिटांची लोकल पकडते, त्या घरातल्या सासूसासऱ्यांना दुपारचे ताजे जेवण मिळते, एका बाईला रोजगार मिळतो, आणि कोणाच्याही अंगावर उपकाराचे ओझे राहत नाही.

टिकाऊपणाची चर्चा आपल्याकडे सौर पट्ट्यांपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. वस्तुतः मुंबईच्या घराची पहिली कसोटी वारा आहे आणि दुसरी पाणी. दोन्ही बाजूंना खिडक्या असलेले, नैर्ऋत्येचा वारा आरपार जाऊ देणारे, खिडक्यांवर रुंद छज्जे असलेले घर मे महिन्यातही पंख्यावर भागते, आणि हे गुण मंडळाच्या त्या जुन्या इमारतींत आहेत. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या नव्या उंच इमारतींत ते सहसा नसतात. पाण्याचा हिशेब तर प्रत्येक सभासदाने स्वतः करून पाहावा. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. चारशे चौरस मीटरच्या गच्चीवर त्यातून सुमारे नऊ लाख लिटर पाणी येते. वाहून आणि उडून जाणारे वजा करता सात लाख लिटर धरू. पंचवीस कुटुंबांत शंभर माणसे मानली आणि माणशी संडासाच्या टाकीला रोज ४५ लिटर धरले, तर दिवसाला साडेचार हजार लिटर लागतात, म्हणजे पावसाळ्याच्या १२० दिवसांचे पाच लाख चाळीस हजार लिटर. पालिकेच्या नळाचे, शुद्ध करून शंभर किलोमीटरच्या अंतरावरून आणलेले पाणी जे आपण संडासात ओततो, ते चार महिने बऱ्याच अंशी वाचू शकते, आणि उरलेले आवारातल्या जुन्या विहिरीत सोडता येते. विहीर बुजवून तिच्यावर मोटारी उभ्या करणाऱ्या सोसायट्यांनी या आकड्यांकडे एकदा पाहावे.

याहून वेगळा आणखी एक टिकाऊपणा आहे, ज्याचा उल्लेख जाहिरातीत कधी येत नाही, आणि तो म्हणजे मासिक खर्चाचा. पुनर्विकासानंतर वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतीत राहायला गेलेल्या निवृत्त माणसाला फ्लॅट फुकट मिळालेला असतो, परंतु लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, जनरेटर, सुरक्षारक्षक यांचा मेन्टेनन्स दर महिन्याला भरायचा असतो, आणि त्याचे निवृत्तिवेतन त्या प्रमाणात वाढलेले नसते. बिल्डरने दिलेल्या कॉर्पसच्या, म्हणजे ठेवीच्या रकमेच्या, व्याजावर काही वर्षे निभते. मग थकबाकी, मग नोटीस, मग फ्लॅट विकून बदलापूर वा विरार. ज्या घरासाठी तो जन्मभर थांबला, तेच घर त्याला बाहेर काढते. म्हणून उंची वाढवताना चटईक्षेत्राइतकाच मासिक खर्चाचा अंदाज सभासदांपुढे लेखी यावा. राज्य शासनाने सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाने स्वयंपुनर्विकासाला, म्हणजे बिल्डरवाचून सोसायटीने स्वतःच केलेल्या पुनर्विकासाला, काही सवलती दिल्या आहेत, आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने त्यासाठी कर्जाची योजना काढली आहे. बिल्डरचा नफा सोसायटीकडेच राहणार असेल, तर तो अधिक मोठ्या दिवाणखान्यांत घालावा की कमी मजल्यांत आणि सामायिक जागेत घालावा, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य या मार्गात सभासदांना मिळते. ते श्रमाचे आहे, जबाबदारीचे आहे, पण सामायिक घराला याहून सरळ वाट मला दिसत नाही.

या वाटेने जाणाऱ्या सोसायटीने नव्या इमारतीत पाच-सहा लहान गाळे कोणाच्याही नावावर न करता स्वतःच्या नावावर ठेवावेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे. ते खालच्या मजल्यांवर असावेत. ज्या सभासदाला जिना वा मोठे घर झेपेनासे झाले, त्याने तेथे माफक भाड्याने यावे आणि आपला मोठा फ्लॅट मुलाला वा दुसऱ्या सभासदाला वापरू द्यावा. कोणी वृद्ध नसेल त्या काळात परिचारिका, शिकणारी मुले, नव्याने नोकरीला लागलेल्या मुली यांना ते गाळे द्यावेत. अविवाहितांना जागा देणार नाही असे ठराव करून आपण ज्या तरुणांना अंधेरीच्या पेइंग गेस्टच्या आठ खाटांच्या खोल्यांत ढकलतो, तेच तरुण रात्री दोन वाजता आजोबांना रुग्णालयात न्यायला उपयोगी पडतात. मिळणारे भाडे मेन्टेनन्स हलका करील. वारसांचा तंटा येथे उद्भवत नाही, कारण गाळा कोणाच्या इस्टेटीत नाही. मुलाला फ्लॅट बक्षीस देऊन नंतर त्याच घरात परके झालेल्या आई-बापांसाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमात न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय आहे. परंतु ज्या म्हाताऱ्याची जागा संस्थेने राखून ठेवली आहे, त्याला न्यायाधिकरणाच्या दाराशी जाण्याची पाळी सहसा येणार नाही.

भांडणे होतील. पाळणाघराचा गोंगाट, सामायिक विजेचे बिल, कोणाची मुलगी केव्हा घरी येते, यांवरून ती आजही होतात. सामायिक राहणे म्हणजे सर्वांनी सर्वांवर प्रेम करणे असे ज्यांना वाटते, त्यांनी या फंदात पडू नये. त्यासाठी नियम हवेत, ते थोडे आणि लेखी असावेत, आणि समितीवर एक तरी तिशीच्या आतला आणि एक तरी सत्तरीच्या पुढचा सभासद असावा, म्हणजे सभेत कोणत्याही पिढीविषयी तिच्या पाठीमागे बोलले जाणार नाही.

पुनर्विकासाचा विषय आपल्या सोसायटीत निघाला असेल, तर वास्तुविशारद नेमण्याआधी जी विशेष सर्वसाधारण सभा भरते, तिच्यासाठी सभासदांना लेखी सूचना देता येतात. बहुतेक सूचना चटईक्षेत्राच्या आणि भाड्याच्या रकमेच्या असतात. वाचकांपैकी ज्यांचे आई-वडील आज तिसऱ्या मजल्यावरून दोरी सोडत आहेत, त्यांनी त्या कागदावर आणखी चार ओळी लिहाव्यात: उताराची लांबी, गॅलरीची रुंदी, मधले दार, आणि संस्थेच्या नावावरचे पाच गाळे. आणि सभेला जाण्यापूर्वी सोसायटीच्या दफ्तरातले नोंदणीचे प्रमाणपत्र एकदा काढून पाहावे. कित्येक प्रमाणपत्रांवर संस्थेचा वर्ग अजूनही ‘भाडेकरू-सहभागीदारी’ असाच लिहिलेला आहे.